कॅन्सर पेशंटच्या घरी ड्युटी लागलीय? लक्षणांची गाईड हातात धरून काम कसं करायचं

जीएनएम किंवा एएनएम हे नर्सिंगचे कोर्स करून हॉस्पिटलमधे थोडी वर्षं काढली आणि आता होमकेअरला आलात, अशा सिस्टर-ब्रदरसाठी हे लिहितेय. वॉर्डात काही झालं तर बाजूला सीनियर असते, ड्युटीवरचा डॉक्टर (आरएमओ) असतो, इमर्जन्सीच्या औषधांची गाडी (क्रॅश कार्ट) असते. घरी तुम्ही एकटे, समोर पेशंट, दारात उभे चार नातेवाईक आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघतायत. अशा वेळी "मला वाटतं" यावर काम करणं धोक्याचं आहे, पेशंटसाठी पण आणि तुमच्यासाठी पण. म्हणून अभ्यास करून, चाचण्यांमधून तपासून बनवलेली लक्षणांची गाईड जवळ असायला हवी, आणि नुसती बॅगेत नको, वापरता यायला हवी.

कुठली गाईड? सगळ्यात आधी तुमच्या पेशंटच्या हॉस्पिटलचा, डॉक्टरचा जो प्रोटोकॉल असेल तो. शिकण्यासाठी मी नवीन मुलींना कॅनडाची कॉस्टार्स (COSTaRS) नावाची लक्षणांची गाईड दाखवते, ओटावा युनिव्हर्सिटीच्या डॉन स्टेसी यांच्या टीमने बनवलेली. मुळात ती फोनवर कॅन्सर पेशंटशी बोलणाऱ्या नर्सेससाठी होती, मग तिकडच्या होमकेअर नर्सेसनी पण वापरायला घेतली. एकेका लक्षणाला दोन-तीन पानं, भाषा सोपी, आणि फुकट मिळते. आपल्याकडे नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या, म्हणजे देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याच्या, गाईडलाईन्स आहेत, ग्रिड २०१२ साली टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभं राहिलं, त्या डॉक्टरांच्या अंगाने लिहिल्यात पण आपल्याकडे कुठली औषधं देतात हे त्यातून नीट कळतं. कुठलीही गाईड उघडली की आधी दोन गोष्टी बघा, कोणी बनवली आणि शेवटची सुधारणा कधी झाली. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर यातलं काहीच नसतं, ती सरळ बाजूला ठेवा.

जायच्या आधी

फाईल वाचून जा. कॅन्सर कुठला, कुठे पसरलाय, शेवटची केमो कुठल्या तारखेला, कुठलं औषध, रेडिएशन चालू आहे का (घरचे त्याला "शेक" किंवा "लाईट" म्हणतील), किडनी-लिव्हरचे रिपोर्ट, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी. आणि एक फोन पेशंटच्या घरी, की आत्ता जी जी औषधं घेताय ती सगळी, गोळ्या सिरप मलम काढा झाडपाला सगळं, एका ताटात काढून ठेवा. हा फोन केलात तर घरी गेल्यावरची अर्धी शोधाशोध वाचते.

त्याच फोनवर हे पण विचारा की पेशंटला आजार माहितीये का. आपल्याकडे निम्म्या घरांत मुलगा जिन्यातच गाठून सांगतो, सिस्टर आत कॅन्सर शब्द काढू नका, त्यांना गाठ झालीय एवढंच सांगितलंय. वाद घालायला जाऊ नका, लक्षणं विचारायला आजाराचं नाव लागतच नाही. पण खोटं पण बोलू नका. पेशंटने सरळ विचारलं तर "तुम्हाला काय वाटतं काका?" असं म्हणून ऐकून घ्या आणि डॉक्टरांना कळवा.

पाच पायऱ्या, याच क्रमाने

कॉस्टार्सची रचना पाच पायऱ्यांची आहे आणि कुठल्याही लक्षणाला तीच चालते. लक्षण किती तीव्र आहे ते मोजा. सगळ्यात वाईट उत्तर जे असेल त्यावरून रंग ठरवा, हिरवा (सौम्य), पिवळा (मध्यम) की लाल (तीव्र, लगेच डॉक्टर किंवा हॉस्पिटल). त्या लक्षणासाठी कुठली औषधं चालू आहेत बघा. घरी स्वतः काय उपाय करतायत ते विचारा. शेवटी पुढे काय करायचं ते पेशंट आणि घरच्यांबरोबर बसून ठरवा आणि लिहा.

नवीन मुली काय करतात, तर पहिल्या पायरीवरून डायरेक्ट पाचवीवर उडी मारतात. दुखतंय ना, मग डॉक्टरला फोन, डॉक्टर म्हणाले डोस वाढवा, वाढवला. मधल्या तीन पायऱ्या गाळल्या की फसगत होते, कारण घरी खरी गडबड तिथेच असते. कागदावर लिहिलेलं औषध आणि पोटात गेलेलं औषध यात फार अंतर असतं. मॉर्फिन चार-चार तासांनी लिहिलंय आणि आजी दिवसात दोनच घेतायत, उरलेल्या गोळ्या कागदात गुंडाळून पदराला बांधून ठेवल्यात, का तर "पुढे जास्त दुखेल तेव्हा उपयोगी पडतील". मी हे वेगवेगळ्या घरांत बघितलंय. इथे डोस वाढवायची गरजच नाही, आहे तो डोस वेळेवर पोटात जायला हवा, आणि ते आजींच्या हातावर हात ठेवून समजावून सांगायला हवं की आज घेतली म्हणून उद्या गोळी काम करायची थांबत नाही, जास्त लागली तर डॉक्टर वाढवतात. म्हणून तिसऱ्या पायरीला पाकिटातल्या गोळ्या मोजा. "घेता का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. "काल रात्री कुठली घेतली, दाखवा बरं" असं विचारा.

मोजायचं कसं? शून्य ते दहा. ० ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० तीव्र. कॅनडातल्या एडमंटनची ईएसएएस (ESAS) नावाची लक्षणं मोजायची पट्टी आहे, १९९१ साली आलेली, तीत दुखणं, थकवा, गुंगी, मळमळ, भूक, दम, उदासी, काळजी आणि एकूण कसं वाटतंय असे नऊ प्रश्न याच आकड्यांवर असतात. ज्यांना दहापैकी हा हिशोब जमत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना मी रुपयात विचारते. आजोबा, रुपयातलं किती दुखतंय, चार आणे, आठ आणे, बारा आणे? लगेच उत्तर येतं. फक्त जी पट्टी पहिल्या दिवशी वापरली तीच पुढे ठेवा आणि रजिस्टरमधे पेशंटचे शब्द लिहा, नाहीतर रात्रपाळीची सिस्टर वेगळं विचारणार आणि तुलना करता येणार नाही.

दुसऱ्या पायरीत एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, सरासरी काढायची नाही. कंबर दुखतेय फक्त ३, पण कालपासून पाय लटपटतायत आणि लघवी अडकलीय, तर तो लालच. मणक्यात गाठ दाबत असू शकते, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठलं तर चालणं वाचू शकतं, सोमवारी ओपीडीला दाखवू म्हणून थांबायचं नाही.

ताप: इथे थांबायला वेळ नाही

हे सगळ्यात आधी पाठ करा. केमो झाली की साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. या काळात ताप एकदाच १०१ फॅरनहाइट (३८.३ सेल्सियस) आला, किंवा १००.४ (३८ सेल्सियस) येऊन तासभर टिकला, तर ती इमर्जन्सी आहे, पेशंट कितीही "मला काही नाही झालं" म्हणत असला तरी. हॉस्पिटलमधे पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून चालू व्हावं असं गाईडलाईन सांगते, म्हणजे तुमची घाई कशासाठी आहे ते कळेल. तो तास टिकतोय का बघत बसायचं काम घरच्यांवर सोडू नका, १००.४ दिसला की डॉक्टरांना फोन लावा आणि बाकीचं फोनवर ठरवा.

आपल्याकडे ताप आला की आधी पॅरासिटामॉल द्यायची सवय आहे. तापमान मोजल्याशिवाय, लिहिल्याशिवाय आणि डॉक्टरशी बोलल्याशिवाय देऊ नका, ताप उतरलेला दिसतो आणि इन्फेक्शन आत वाढत राहतं. दुसरं म्हणजे दुखण्यासाठी आधीच सहा-सहा तासांनी पॅरासिटामॉल चालू असेल, किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर ताप दबून राहू शकतो. अशांना थंडी वाजणं, अचानक गळून जाणं, बीपी खाली, नाडी जोरात, बरळणं यावरून ओळखावं लागतं. तापमान पुढच्या डोसच्या आधी घ्या. काखेत थोडं कमी येतं हे लक्षात ठेवा. आणि गुदद्वारातून थर्मामीटर, सपोझिटरी, एनिमा यातलं काहीही या दिवसांत करायचं नाही.

दुखणं

किती दुखतंय याच्याबरोबर कसं दुखतंय ते विचारा. ठणका आहे, जळजळतंय, की चमका मारतायत, मुंग्या येतायत? जळजळ आणि चमका असतील तर ते नसांचं दुखणं असू शकतं, त्याला प्रीगाबालिन, गाबापेन्टिन, ॲमिट्रिप्टिलिन असली औषधं वेगळी लागतात, आणि डॉक्टरला हा शब्द तुमच्याकडून कळला नाही तर ते मॉर्फिनच वाढवत बसतील.

डब्ल्यूएचओची दुखण्याच्या औषधांची तीन पायऱ्यांची शिडी (साध्या औषधापासून मॉर्फिनपर्यंत) १९८६ ची. आता ती कडक नियम म्हणून धरत नाहीत, तीव्र दुखण्याला थेट मॉर्फिनसारखं औषध सुरू करता येतं. पण त्यातली दोन तत्त्वं अजून तशीच आहेत, शक्य तोवर तोंडाने द्या आणि घड्याळाप्रमाणे द्या. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर चार तास, म्हणून चार-चार तासांनी. रात्री उठवायला लागू नये म्हणून झोपतानाचा डोस डॉक्टर बऱ्याचदा दुप्पट लिहितात, ते बघून घाबरून अर्धा करू नका. मधेच दुखलं तर द्यायचा जादा डोस साधारण दिवसभराच्या एकूण मॉर्फिनच्या एक षष्ठांश असतो, म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर १० मिलिग्रॅम. पण तो प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेला हवा. आपण डोस ठरवत नाही, लिहिलेला देतो आणि त्याचा परिणाम मोजतो. ऑर्डर नसेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरकडून "लागल्यास" म्हणून लिहून घ्या, रात्री दोन वाजता मागायची वेळ येऊ देऊ नका.

मॉर्फिन चालू तर पोट साफ होण्याचं औषध पण त्याच दिवसापासून चालू, बिसाकोडिल किंवा सेना (सोनामुखी). मळमळ आणि गुंगी पहिल्या काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ कमी होत नाही, ते राहतंच. प्रिस्क्रिप्शनवर दिसलं नाही तर विचारा.

घाबरायचं कधी? हाक मारून, हलवून पण जाग येत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, मिनिटाला श्वास आठच्या खाली. लाल, पुढचा डोस द्यायचा नाही आणि लगेच फोन. अंगाला झटके येतायत, भास होतायत, लघवी कमी झालीय, तर किडनीतून औषध बाहेर पडत नसेल, त्याच दिवशी कळवा. फेंटानिलचा (मॉर्फिनसारख्याच औषधाचा, कातडीवर चिकटवायचा) पॅच असेल तर ७२ तासांनी बदलायचा, जुना काढल्याशिवाय नवीन लावायचा नाही, आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी अजिबात नाही, उष्णतेने औषध झपाट्याने अंगात जातं. जुना पॅच चिकट बाजू आत दुमडून टाका, घरात लहान मुलं असतात.

मेडिकलवाला मॉर्फिन ठेवत नाही ही अडचण येणारच. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली बदल होऊन मॉर्फिन धरून सहा औषधांसाठी देशभर एकच नियम झाला, मान्यताप्राप्त संस्थांमधून ती मिळतात. पेशंटच्या हॉस्पिटलचा पॅलिएटिव्ह विभाग (त्रास कमी करण्यावर काम करणारा) गाठा, आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी घरच्यांना आठवण करा.

पोट: दोन्ही बाजूंनी त्रास

तीन दिवस संडास नाही म्हणजे काहीतरी करायला हवं. घरचे इसबगोल देतात. मॉर्फिनवर असलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या, पडून असलेल्या माणसाला इसबगोल देऊ नका, ते आतच फुगून घट्ट बसतं. आणि चार दिवस काही नाही मग एकदम पातळ थोडं थोडं होतंय, तर त्याला जुलाब समजून लोपेरामाइड देऊ नका, खडा अडकून बाजूने पाणी येत असतं. पोट फुगलंय, कळा येतायत, उलट्या होतायत, गॅस पण सरत नाही, तर आतडं बंद झालेलं असू शकतं, पोट साफ होण्याचं औषध थांबवा, फोन करा. अशा वेळी उलटीचं मेटोक्लोप्रामाइड पण आपल्या मनाने नाही.

जुलाब मोजताना रोजचं किती आणि आता किती हे विचारा. रोजच्यापेक्षा चार-सहा वेळा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवा, सात किंवा त्याहून जास्त असेल तर हॉस्पिटल. रक्त, ताप, चक्कर असेल तर आकडा न बघता लाल. लोपेरामाइड लिहिलेलं असेल तर नेहमीची पद्धत पहिल्यांदा ४ मिलिग्रॅम आणि मग प्रत्येक पातळ संडासनंतर २, बरोबर ओआरएस. पण त्याआधी औषधाचं नाव बघा. पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब अशी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) चालू असेल तर हे जुलाब आतड्याच्या सुजेचे असू शकतात, त्याला स्टेरॉइड लागतं, नुसतं लोपेरामाइड देऊन दिवस घालवायचे नाहीत. इम्युनोथेरपी थांबून काही महिने झाले तरी हे होऊ शकतं, म्हणून "आता चालू नाही" एवढ्यावर सोडू नका.

तोंड आलंय

महाराष्ट्रात तंबाखू, मिश्री, गुटख्यामुळे तोंडाचे कॅन्सर खूप, त्यामुळे शेक घेताना तोंड सोललेले पेशंट तुम्हाला भरपूर भेटतील. टॉर्च लावून आत बघा, रोज. एक पेला कोमट पाण्यात चहाचा पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ, चार-चार तासांनी गुळण्या, मऊ ब्रश, अल्कोहोलवाला माउथवॉश बंद. डोकं-मानेच्या रेडिएशनमधे बेन्झिडामिनच्या गुळण्यांना चांगला पुरावा आहे, डॉक्टरांना विचारा. पांढरे दह्यासारखे डाग दिसले तर बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध. पाणी पण गिळता येत नाही तर लाल. मिश्री अजून चालू आहे का हे एकट्यात विचारा, सुनेसमोर खरं सांगणार नाहीत.

दम

बसवा, पुढे टेबलावर उशी ठेवून त्यावर हात टेकवा, खोलीतली गर्दी कमी करा, खिडकी उघडा आणि छोटा पंखा चेहऱ्यावर येईल असा धरा. पंख्याने दम लागल्याची भावना कमी होते हे चाचणीत दिसलेलं आहे. ऑक्सिजनचं उलट आहे. रक्तातला ऑक्सिजन फार कमी नसताना नळीतून ऑक्सिजन दिला काय आणि साधी हवा दिली काय, सारखाच आराम पडतो, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. म्हणून घरच्यांनी भाड्याने कॉन्सन्ट्रेटर आणायच्या आधी ऑक्सिमीटर लावा आणि डॉक्टरशी बोला, महिन्याचं भाडं परवडणारं नसतं. अचानक वाढलेला दम, छातीत दुखणं, एक पाय सुजलेला, चेहरा आणि मान सुजलेली, हे सगळं लाल.

डॉक्टरला फोन

"सर पेशंट बरा वाटत नाहीये" असा फोन केला तर "बघू, संध्याकाळी सांगा" असंच उत्तर येतं. असा करा: "सर, होमकेअरची सिस्टर बोलतेय. स्तनाचा कॅन्सर, हाडात गेलाय, केमोचा नववा दिवस. ताप १०१.२, तासाभरापूर्वी पण १००.८ होता. बीपी ९० बाय ६०, नाडी १२०. सकाळपासून लघवी एकदाच. पॅरासिटामॉल दिलेलं नाही. मला लगेच ॲडमिट करायला हवं असं वाटतं, गाडी बोलवू का?" सगळं मिनिटाच्या आत. शेवटचं वाक्य, तुम्हाला काय वाटतं ते, नक्की बोला, नवीन आहात म्हणून गिळू नका. उत्तर मिळालं की वाचून दाखवा, वेळ आणि नाव लिहा. फोन लागला नाही तर पुढचा नंबर कोणाचा हे पहिल्याच भेटीत लिहून घेतलेलं हवं.

घरच्यांसाठी कागद

फ्रिजवर लावायला एकच पान, मराठीत, मोठ्या अक्षरात: हे झालं तर लगेच फोन, हे झालं तर सिस्टर येईपर्यंत थांबा. वहिनींकडून किंवा रात्री जागणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या आणि "रात्री ताप १०१ आला तर काय कराल?" असं विचारा, त्यांच्या तोंडून उत्तर आलं की समजलं म्हणायचं. पपईच्या पानांचा रस, कुठला काढा, कोणी दिलेलं चूर्ण असं चालू असेल तर रागावू नका, रागावलात की पुढच्या वेळी लपवतात. नाव लिहा, डॉक्टरला सांगा.

सुरुवात कुठून

सगळी गाईड एका दिवसात पाठ होणार नाही. ताप, दुखणं आणि बद्धकोष्ठ या तीनपासून सुरू करा, ही तीन पानं लॅमिनेट करून बॅगेत ठेवा आणि पेशंटसमोर उघडून बघायला लाजू नका, घरच्यांचा विश्वास कमी होत नाही, वाढतो. एजन्सीच्या डॉक्टरकडून या पानांवर सही घ्या म्हणजे तुम्ही कशाच्या आधारावर काम केलं हे कोणी विचारलं तर कागद आहे. जुन्या सिस्टर म्हणतील आम्हाला हे लागत नाही, त्यांच्याशी भांडू नका, त्यांचा अनुभव घ्या आणि आकडा मात्र लिहायला लावा. आणि काहीही बदल केला, डोस वाढला, पॅच बदलला, नवीन गोळी आली, की दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न त्याच पट्टीवर परत विचारायचा फोन रजिस्टरमधे आधीच लिहून ठेवा, वेळेसकट, तुमची सुट्टी असेल तर कोण करणार त्याच्या नावासकट.